दमटपणाची खरेदी

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घरातली ओल घालवण्यासाठी कोकणातील आणि मुंबईतील मराठी कुटुंबांनी आजवर जी कल्पकता खर्च केली, ती एखाद्या स्वतंत्र ग्रंथाचा विषय व्हावी इतकी मोठी आहे. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकणे, न वाळलेला गणवेश इस्त्री फिरवून वाळल्यासारखा करणे, चामड्याच्या चपलांवर उगवलेली बुरशी दर रविवारी पुसणे आणि दिवाळीपर्यंत दार नीट लागणार नाही हे सुताराकडून नव्हे तर वाडवडिलांकडून माहीत असणे, हे सर्व या परंपरेत मोडते. अशा परंपरेत वाढलेले दांपत्य शिकागोजवळच्या नेपरव्हिल किंवा शॉमबर्ग अशा उपनगरात घर घेते, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात त्याला तीच ओल गॅलनच्या मापाने मोजून, यंत्र बसवून आणि पाणी, वीज व गॅस या तिन्हींचे बिल भरून घरात आणावी लागते. या यंत्राला होल-हाउस ह्युमिडिफायर म्हणतात. घर तापवणाऱ्या मध्यवर्ती भट्टीला, म्हणजे फर्नेसला, ते जोडलेले असते आणि तिच्या गरम हवेत पाण्याची वाफ मिसळून ती हवा डक्ट नावाच्या पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत पाठवते. त्याची निवड हा वरवर पाहता किरकोळ गृहोपयोगी प्रश्न असला, तरी त्यात भौतिकशास्त्र, दांपत्यशास्त्र आणि विक्रयकला यांचा जो संगम होतो तो अभ्यासण्याजोगा आहे.

हवा कोरडी का पडते, याचे उत्तर बहुतेक घरमालक भट्टीवर दोषारोप करून देतात, आणि ते चूक आहे. भट्टी हवेतले पाणी जाळत नाही. ती केवळ हवेची भूक वाढवते. एक घनमीटर हवेत उणे २० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे १ ग्रॅम बाष्प मावते, तर २१ अंशांना सुमारे १८ ग्रॅम मावते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे याचे प्रमाण. त्यामुळे बाहेर पूर्ण संपृक्त असलेली, म्हणजे शंभर टक्के आर्द्रतेची हवा फटीतून घरात शिरून तापली, की तिचीच सापेक्ष आर्द्रता बाष्पाचा एक कणही न गमावता पाच-सहा टक्क्यांवर येते. माणसांचे श्वास, आंघोळी आणि स्वयंपाक यांमुळे प्रत्यक्ष घरात ती इतकी उतरत नाही, पंधरा-वीस टक्क्यांवर थांबते. परंतु जुलैतल्या मुंबईच्या हवेत दर घनमीटरमागे वीस ग्रॅमांहून अधिक बाष्प वागवत मोठे झालेल्या नाकाला हा फरक आकडेमोडीवाचूनही कळतो. ओठ फुटतात, घोळणा फुटतो, लाकडी फरशीच्या पट्ट्यांमध्ये नाणे उभे राहील एवढ्या फटी पडतात, आणि तबल्याची कोरडी पडलेली पुडी आवळून तबला मूळ सुरापेक्षा चढा बोलू लागल्याने गायकाला घशाची तयारी नसताना वरची पट्टी घ्यावी लागते.

या सर्व लक्षणांत सामाजिकदृष्ट्या सर्वाधिक गंभीर लक्षण स्थिरविद्युत हे आहे. दोन भिन्न पदार्थ एकमेकांवर घासले असता त्यांच्यात विद्युतभार साचतो आणि दमट हवेत तो वस्तूंच्या पृष्ठभागावरील ओलाव्यातून निमूटपणे वाहून जातो. कोरड्या हवेत मात्र तो माणसाच्या अंगावर योग्य संधीची वाट पाहत थांबतो. मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यावर, म्हणजे शिकागोच्या ऐन कडाक्यात येते हे पंचांगकर्त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. काळी रेशमी साडी नेसलेली यजमानीण नायलॉनच्या गालिच्यावरून लगबगीने चालत येते, समोरच्या वहिनींच्या हातावर तिळगूळ ठेवते आणि गोड बोलण्याची विनंती तोंडातून पूर्ण बाहेर पडण्याआधीच दोघींच्या बोटांमध्ये चटकन ठिणगी पडते. साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे असा चटका माणसाला जाणवू लागतो. वाहणारा भार अत्यल्प असल्याने जिवाला धोका नसतो, धोका असतो तो केवळ पुढच्या वर्षभराच्या संबंधांना. अनेक घरांत ह्युमिडिफायरचा विषय प्रथम निघतो तो हळदीकुंकू आटोपल्यानंतरच्या संध्याकाळी.

माणसाच्या सुखासाठी हवेत ओलावा मिसळण्याची ही कल्पना तशी अलीकडची आहे, कारण आरंभी हा मान माणसाला नव्हता. विलिस कॅरियर या अभियंत्याने १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेची आर्द्रता आटोक्यात ठेवणारी योजना आखली ती कागदासाठी. कागद दमटपणाने फुगे व कोरडेपणाने आक्रसे आणि त्यामुळे छपाईतले रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकेतील गिरणी-अभियंत्याने १९०६ च्या सुमारास कापडगिरण्यांच्या हवेत पाणी मिसळण्याचे तंत्र पुढे नेले ते सुतासाठी, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. मुंबईची दमट हवा सूतकताईला मानवते, हे वाक्य महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांनी भूगोलाच्या पेपरात लिहून गुण मिळवले आहेत. तरीही गिरण्यांना निसर्गाने दिलेला दमटपणा पुरत नसे आणि खात्याखात्यांत कृत्रिम आर्द्रता सोडली जाई. हा प्रकार इतका वाढला की भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १५ हे खास कृत्रिम आर्द्रीकरणासाठी ठेवावे लागले, आणि त्यासाठी वापरायचे पाणी सार्वजनिक पुरवठ्यातले किंवा पिण्याजोगे असावे अथवा नीट शुद्ध केलेले असावे, असा दंडक त्यात घातला गेला. आजोबांनी गिरणगावात आठ तास ज्या हवेत घाम गाळला आणि जिच्यावर कायद्याने लगाम घातला, तीच हवा नातवाला हप्त्यांनी विकली जावी, यात कालचक्राचा काही विशेष दोष नाही; नातू नुसता अक्षांश बदलून बसला आहे.

बाजारात या यंत्राच्या तीन जाती आढळतात. पहिल्या जातीला बायपास म्हणतात. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या गरम हवेचा काही भाग एका आडनळीने वळवून, ज्यावरून पाणी सतत झिरपत असते अशा सच्छिद्र जाळीतून तो परत भट्टीकडे येणाऱ्या हवेत सोडायचा, एवढेच तिचे कार्य. नागपूरकराला हे तंत्र नव्याने समजावून सांगावे लागत नाही, कारण एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या खिडकीत बसणारा कूलर नेमके हेच करतो. भेद इतकाच की कूलरमध्ये हवा थंड होते हा नफा असतो आणि ह्युमिडिफायरमध्ये तोच तोटा असतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल एवढी अप्रकट उष्णता, म्हणजे तापमान न वाढवता केवळ अवस्था बदलण्यासाठी लागणारी उष्णता, कोठून तरी घ्यावीच लागते आणि ती भट्टीच्या गरम हवेतूनच जाते. म्हणून 'दमट हवा उबदार वाटते, सबब तापमान कमी ठेवा आणि गॅस वाचवा' हा विक्रेत्याचा युक्तिवाद ऐकताना, त्या उबदार वाटण्यासाठी आधी किती गॅस जळाला हे विचारण्याचा हक्क ग्राहकाने राखून ठेवावा. शिवाय जाळीवरून झिरपणाऱ्या पाण्यापैकी थोडेच हवेत जाते आणि त्याच्या कित्येक पट पाणी मोरीच्या वाटेने निघून जाते. रात्री तळघरात त्याची बारीक धार ऐकू आली की ज्याचे बालपण पाण्याच्या टँकरच्या रांगेत गेले आहे, त्याला झोप लागत नाही.

दुसऱ्या जातीत आडनळीऐवजी यंत्राचा स्वतःचा पंखा असतो, त्यामुळे ती जागा कमी व्यापते आणि वाफ थोडी अधिक देते. तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही, आणि बहुधा म्हणूनच ती शहाण्या माणसांना पसंत पडते.

तिसरी जात वाफेची. तिच्यात पाणी प्रत्यक्ष उकळले जाते, त्यामुळे ती भट्टी पेटण्याची वाट पाहत नाही, पण विजेचे बिल मात्र तिची वाट पाहत असते. या जातीच्या काही यंत्रांत दोन विद्युत्-अग्रे पाण्यात बुडवून, पाण्यातूनच प्रवाह खेळवून ते तापवले जाते, आणि येथे एक तात्त्विक पेच उद्भवतो: प्रवाह वाहण्यासाठी पाण्यात क्षार विरघळलेले असणे आवश्यक असल्याने, ज्या सजग गृहस्थाने आधीच आरओ यंत्र बसवून पाणी अतिशुद्ध केले आहे, त्याचे पाणी उकळायलाच तयार होत नाही. शुद्धतेचे एवढे रोकडे प्रायश्चित्त अन्यत्र क्वचितच पाहायला मिळते. ही यंत्रे महाग असतात, त्यांना विजेची स्वतंत्र जोडणी लागते आणि क्षारांनी भरलेली उकळण्याची डबी वेळोवेळी बदलावी लागते. परंतु अभियंता असलेल्या ग्राहकाचा कल निरपवादपणे तिच्याकडेच जातो, कारण तिच्या माहितीपत्रकात आलेख असतात.

येथून पुढे क्षमतेचा प्रश्न सुरू होतो. दिवसाला १२ गॅलन, १७ गॅलन, १८ गॅलन असे आकडे खोक्यांवर छापलेले असतात. अमेरिकी गॅलन सुमारे पावणेचार लिटरचा असल्याने १७ गॅलन म्हणजे ६४ लिटर होतात. हा आकडा भट्टी चोवीस तास अखंड पेटलेली असून हवा भरपूर तापलेली आहे असे गृहीत धरून काढलेला असतो, आणि तशी भट्टी ज्याच्या घरी चालते त्याला दमटपणाहून मोठ्या चिंता असतात. प्रत्यक्ष गरज किती, हे साध्या गुणाकाराने काढता येते. दोनशे चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे ५०० घनमीटर आकारमानाचे घर घेतले आणि त्यातील एकतृतीयांशाहून किंचित अधिक हवा दर तासाला फटींतून बदलते असे मानले, तर कडाक्याच्या दिवशी घर ३५ टक्क्यांवर ठेवण्यासाठी दिवसाला सुमारे २३ लिटर बाष्प लागते, आणि त्यातले बरेचसे चौघांचे कुटुंब श्वास, आंघोळ व स्वयंपाक यांतून आपण होऊनच पुरवते. हवा दुपटीने गळत असेल तर हा आकडाही दुप्पट होतो. सारांश असा की घर कोरडे पडते ते भट्टीमुळे नव्हे, फटींमुळे. पण फटी बुजवण्याच्या लुकणाच्या नळीला माहितीपत्रक नसते, हमीपत्र नसते आणि ती शेजाऱ्याला तळघरात नेऊन दाखवता येत नाही.

मराठी घरात या गळतीला एक सांस्कृतिक परिमाणही असते. वरणाचा कुकर, उकळता चहा आणि तव्यावरच्या पोळ्या मिळून हवेत चांगला ओलावा सोडतात, परंतु त्याच वेळी मोहरी-हिंगाच्या फोडणीचा वास कोटांना लागून सोमवारी कार्यालयात पोहोचू नये म्हणून शेगडीवरचा बाहेर हवा फेकणारा पंखा सर्वांत वरच्या गतीवर ठेवलेला असतो. मिनिटाला ३०० घनफूट हवा ओढणारा पंखा तासाला ५०० घनमीटरांहून अधिक, म्हणजे वर धरलेल्या उदाहरणातले अख्खे घर, अंगणात नेऊन टाकतो आणि तेवढीच कोरडी ठणठणीत हवा फटींतून आत येते. तळघरात कपडे वाळवण्याचे यंत्र दर खेपेला दोन-तीन लिटर पाणी नळीवाटे घराबाहेर सोडत असते, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर ह्युमिडिफायर नळाचे पाणी घेऊन तेवढीच वाफ तयार करण्यासाठी झटत असतो. भारतातून आलेल्या सासूबाई कपडे घरातच दोरीवर वाळत घालतात तेव्हा त्या भौतिकशास्त्राच्या अचूक बाजूला उभ्या असतात, पण जिन्याच्या कठड्यावर टॉवेल दिसणे सुनेला प्रशस्त वाटत नसल्याने हा प्रयोग दुसऱ्या दिवशी थांबतो.

इतका सर्व विचार करून यंत्र निवडले, बसवले आणि चालू केले, की मगच घरमालकाला हे उमगते की आर्द्रता किती असावी हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या नाकाला नसून घरातल्या सर्वांत थंड काचेला आहे. २१ अंश तापमानाच्या आणि ४० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे ७ अंश असतो. यापेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर ती हवा आपले पाणी उतरवून ठेवते. दुहेरी काचेच्या खिडकीचा मध्यभाग बऱ्यापैकी उबदार राहतो, पण बाहेर उणे १८ असताना चौकटीलगतची कड गोठणबिंदूच्या आसपास पोहोचते. म्हणून यंत्रासोबत मिळणाऱ्या कोष्टकात बाहेर उणे ७ अंश असता ३५ टक्के, उणे १२ ला ३०, उणे १८ ला २५ आणि उणे २९ ला अवघे १५ टक्के अशी उतरती आज्ञा असते. म्हणजे ज्या दिवशी नाक सर्वांत कोरडे पडते, त्याच दिवशी यंत्राने सर्वांत कमी काम करायचे असते. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोचे तापमान उणे २३ फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे उणे ३१ सेल्सिअसपर्यंत उतरले. अशाच दिवसासाठी म्हणून जे सर्वांत बलाढ्य वाफेचे यंत्र घेतलेले असते, त्याने त्या दिवशी कोष्टकानुसार जवळजवळ स्वस्थ बसणे हेच कर्तव्य ठरते.

ही आज्ञा मोडणाऱ्यांची संख्या अर्थातच मोठी आहे. इन्फ्लुएंझाचा विषाणू कोरड्या हवेत अधिक सहज पसरतो, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गिनिपिगांवरील प्रयोगांतून दिसले होते. वीस टक्के आर्द्रतेत एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे लागण झाली आणि ऐंशी टक्क्यांत ती थांबली. हे वाचून जो गृहस्थ जानेवारीत घराची आर्द्रता पन्नासवर नेतो त्याचे नाक खरोखर सुखावते, पण आठवडाभरात खिडकीच्या खालच्या कडेला बर्फाची झालर लागते, दुपारी ती वितळून लाकडी चौकटीत मुरते आणि मार्चमध्ये तेथे जी काळपट बुरशी प्रकट होते ती पाहून त्याला गिरगावातल्या घरात असल्यासारखे वाटते; फरक एवढाच की हिच्यासाठी त्याने पैसे मोजलेले असतात. माळ्यावर शिरलेली वाफ छताच्या फळ्यांना आतून गोठून बसते आणि ऊन पडले की छत गळू लागते, तेव्हा निरभ्र आकाशाखाली छत का गळते हे विमा कंपनीला पत्राने समजावून सांगण्याचे साहित्यिक कार्यही त्याच्याकडे येते.

आर्द्रता मोजण्याचे काम तरी निर्विवाद असावे, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये मानवी केसाच्या आर्द्रतामापकाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. केस दमट हवेत किंचित लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो, या गुणावर ते चाले. आजची स्वस्त इलेक्ट्रॉनिक मापके केसाशिवाय चालतात, पण एकाच टेबलावर ठेवलेली तीन मापके २८, ३३ आणि ३७ असे तीन आकडे दाखवू शकतात, आणि घरातील प्रत्येक सज्ञान व्यक्ती आपल्या मताला दुजोरा देणारे मापक प्रमाण मानते. काही यंत्रांना बाहेरचे तापमान जाणून आर्द्रता आपोआप उतरवणारा संवेदक असतो आणि तत्त्वतः हा तंटा त्याने मिटायला हवा. प्रत्यक्षात थंडी वाढताच यंत्र शांत झाले, की ते बिघडले असा निष्कर्ष काढून घरातील कोणीतरी त्याला स्वयंचलितावरून हाती चालवण्यावर आणतेच.

राहता राहिली देखभाल. जाळी वर्षातून एकदा बदलावी लागते, कारण पाण्यातील क्षार तिच्यावर साचून ती चुनखडीच्या ढेकळासारखी कडक होते. पाणी साचवून ठेवणाऱ्या जुन्या पिंपवजा यंत्रांत शेवाळ व जंतू वाढून तेच घरभर फिरत असल्याने ती नव्या घरांत आता सहसा घेतली जात नाहीत. आणि बायपास जातीच्या आडनळीवर एक छोटी खटकी असते, जिच्या एका टोकाला हिवाळा व दुसऱ्या टोकाला उन्हाळा असे लिहिलेले असते. उन्हाळ्यात ही नळी बंद करायची असते, कारण ती उघडी राहिली तर वातानुकूलन यंत्राने थंड केलेली हवा खोल्यांत न जाता आडवाटेने परत मागे येते. शिवाय शिकागोचा जुलै इतका दमट असतो की त्याच तळघरात, त्याच भट्टीशेजारी, हवेतले पाणी काढणारे दुसरे यंत्र तोवर चालू झालेले असते. एप्रिलमध्ये ही खटकी फिरवायचे कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि वाढलेल्या वीजबिलाचे खापर उन्हाळ्यावर फुटते. ऑक्टोबरच्या अखेरीस, पहिली थंडी पडताच, दक्ष घरमालक तळघरात उतरतो, हंगाम बदलला म्हणजे खटकी बदलायची एवढे त्याला पक्के आठवत असते, म्हणून वर काय लिहिले आहे हे न वाचता तो ती फिरवतो आणि समाधानाने वर येतो. त्यानंतर पुढचा सबंध हिवाळा आर्द्रतादर्शक पाणी मागत राहतो, नळ ते इमानाने सोडत राहतो, जाळी भिजत राहते, आणि वाहून नेणारी हवाच येत नसल्याने ते सगळे पाणी मोरीत जाते.